सांबारवडी, ट्रिपल अ‍ॅक्सल आणि माझे १८० रुपये दंड: चार स्टार

चार स्टार देऊन राहिलो. पाचवा काहून कापला ते खाली येतंच. जागेचं नाव मुद्दाम लिहीत नाही, कारण ही जागा चालवणाऱ्या ताईंनी हात जोडून सांगितलं की भाऊ, खुर्च्या चौदा आहेत अन् लोकं आत्ताच सोळा येतात, दोघं जण तेलाच्या पिंपावर बसतात. एवढं सांगतो की लक्ष्मीनगर ते बजाजनगरच्या मधल्या एका गल्लीत जुना बंगला आहे, त्याच्या गॅरेजचं शटर शनिवारी संध्याकाळी अर्धं वर असतं, आतून निळसर उजेड येतो आणि बाहेर पोट्ट्यांच्या सायकली आडव्या पडल्या असतात. ज्याला शोधायचं तो शोधेल.

तर इथे फिगर स्केटिंग दाखवतात. हाव, बर्फावरचं. नागपुरात, जिथे बर्फ म्हंजे एक तर उसाच्या रसात टाकायचा नाहीतर मे महिन्यात कूलरच्या टाकीत. भिंतीला पांढरा रंग मारलाय, त्यावर प्रोजेक्टर, दीडशे रुपये माणशी, त्यात एक चहा किंवा कॉफी आणि एक प्लेट. ऑगस्टपासून ऑक्टोबरपर्यंत ज्युनिअर ग्रां प्री, म्हंजे लहान वयाच्या स्केटरांची स्पर्धामालिका, चालते, ती आयएसयूवाले (स्केटिंगची जागतिक संघटना) यूट्यूबवर फुकटात लाइव्ह दाखवतात, तर तेव्हा ती लावतात, आणि बाकीचं वर्षभर जुन्या ऑलिम्पिकचे प्रोग्रॅम, कोणता लावायचा ते चिठ्ठी काढून. मी काही शौकीन वगैरे नव्हतो, माझी पोरगी अकरा वर्षांची आहे, ती रोलरवर आर्टिस्टिक करते, सिमेंटच्या रिंकवर, तिच्या क्लासमधल्या एका मैत्रिणीच्या आईनं सांगितलं की तिकडे घेऊन जा, मुली बघून शिकतात. म्हटलं चला, दीडशे रुपयात शनिवारची संध्याकाळ निघते अन् मॉलमधला खर्च वाचतो.

खाण्याचं आधी उरकून टाकतो. सांबारवडी एक नंबर. पुण्यामुंबईच्या लोकांसाठी: इकडे सांबार म्हंजे कोथिंबीर, इडलीसोबतचं नाही, दर वेळी पाहुण्यांना समजावून थकलो. आवरण करकरीत, आत खोबरं खसखस भरपूर, सोबत कढी, आणि कढी पुन्हा मागितली तर वाढतात, तोंड वाकडं करत नाहीत. तर्री पोहे ठीक, तर्रीला अजून झणका पाहिजे, पण लहान मुलं असतात म्हणून हात आखडता घेत असतील. चहा कडक. कॉफी घेऊ नका. म्हंजे अजिबात घेऊ नका.

आता मुख्य विषय. आत शिरलं की उजव्या हाताला एक फळा आहे आणि फळ्याखाली मातीचा गल्ला. फळ्यावर एवढंच लिहिलंय: बर्फावर जे झालं त्यावर काय वाट्टेल ते बोला, बर्फाबाहेरचं बोललात तर २० रुपये. मी पहिल्या दिवशी वाचलं आणि मनात म्हटलं झालं, सत्संग दिसतो, इथे सगळ्यांनी वा वा करायची आणि टाळ्या पिटायच्या. आपण क्रिकेटवर वाढलेली माणसं, मॅच चालू असताना शिव्या नाही दिल्या तर मॅच पाहिल्यासारखी वाटत नाही.

कसला सत्संग बाप्पा. पहिल्या पाच मिनिटांत एका कॉलेजच्या पोट्ट्यानं एका जगप्रसिद्ध बाईच्या लट्झची अशी चामडी सोलली की मी पोह्याचा चमचा खाली ठेवला. लट्झ ह्या उडीत पाय सुटायच्या आधी स्केटच्या पात्याच्या बाहेरच्या धारेवर असायला पाहिजे, ही बाई शेवटच्या क्षणी आतल्या धारेवर ढळते, म्हंजे ती उडी लट्झ न राहता जवळजवळ फ्लिप नावाची दुसरीच उडी होते, ह्याला हे लोक फ्लट्झ म्हणतात, आणि तो सांगत होता की गेली किती वर्षं ही फ्लट्झ करून राहिली, कधी टेक्निकल पॅनल (कोणती उडी झाली ते ठरवणारी मंडळी) पकडते कधी सोडून देते, आणि बघा आता, थांबवा, पुन्हा लावा, हे बघा इथे. ताईंनी मागे नेऊन लावलं. खरंच होतं. सगळे म्हणाले हाव हाव, ढळली. कुणी दंड मागितला नाही. मग मागून एक काका म्हणाले की असंही हिचं तोंडच असं आहे की..., वाक्य पुरं व्हायच्या आत ताईंनी गल्ला हलवला, खुळखुळ आवाज आला, काकांनी मुकाट्यानं वीस काढले. मला तिथेच खेळ समजला. वाईट बोलायला बंदी नाहीच आहे, उलट तेच बोलायला लोकं येतात. फक्त वाईट बोलायचं तर उडीचं नाव माहीत पाहिजे, धार माहीत पाहिजे, आणि ते नसेल माहीत तर चहा प्या.

आता हे ऐकायला सोपं वाटतं, करायला जीव जातो. मी पहिल्या महिन्यात बोलूच शकत नव्हतो, कारण माझ्याकडे बर्फावरचं बोलायला काही नव्हतंच. माझं सगळं ज्ञान म्हंजे पडली की नाही पडली. आणि मग चिडचिड व्हायची की पडली तरी हिला एवढे मार्क कसे. एका दिवशी बोललोच मोठ्यानं, की ही काय खैरात आहे, आपटली सरळ अन् तरी पुढे. वाटलं दंड बसणार. नाही बसला, उलट ताईंनी कागद आणून दिला. प्रत्येक स्पर्धेनंतर मार्कांचा तक्ता जाहीर होतो, कोणत्या जजनं कोणत्या उडीला काय दिलं ते सगळं, ह्याला प्रोटोकॉल म्हणतात, आणि ताई तो प्रिंट काढून क्लिपबोर्डला लावून ठेवतात. मी तो तसाच पाहिला जसं माणूस लाइटबिल पाहतो, एकूण रक्कम शोधत.

मग त्या कॉलेजच्या पोट्ट्यानं पेन घेऊन मला हिशोब करून दाखवला. ट्रिपल अ‍ॅक्सलची (साडेतीन फेऱ्यांची उडी) मूळ किंमत ८.००. हवेत फेरे पूर्ण झाले पण उतरताना पडली, तर जज उणे पाच देणार, उणे पाच म्हंजे किमतीचा अर्धा भाग गेला, राहिले ४. वरून पडल्याचा वेगळा १ कट. हातात ३. आणि साधा डबल अ‍ॅक्सल, नीट उभा, त्याची मूळ किंमतच ३.३०. म्हणजे भाऊ, पडलेला ट्रिपल हा उभ्या डबलपेक्षा कमीच आहे, खैरात कुठे आहे? मी म्हटलं मग ती पुढे कशी? तो म्हणे तिचे स्पिन बघा, स्टेप सिक्वेन्स बघा, खाली कम्पोझिशन, प्रेझेंटेशन आणि स्केटिंग स्किल्स असे तीन आकडे आहेत ते बघा. पाहिले. अर्धा तास पाहिले. पोरगी कंटाळून बाहेर सायकलींपाशी गेली तरी मी पाहतच होतो. आणखी खुणा असतात, क्यू म्हंजे पाव फेरा कमी, मूळ किंमत तीच राहते फक्त वरचे मार्क जातात, त्याहून जास्त कमी असला तर बाणाच्या टोकासारखी खूण, मग किंमतच कापतात, आणि अर्धा किंवा त्याहून जास्त फेरा राहिला तर दोन बाण, म्हंजे ती उडी एक पायरी खालची धरतात. हे एकदा कळलं की बोलायला इतकं काही असतं की कुणाच्या नाकाडोळ्यावर जायला वेळच मिळत नाही. खोटं नाही सांगत, मजा जास्त येते.

दुसरी गोष्ट जी ताई फार काटेकोर पाळतात ती म्हंजे राग कुणावर. निकाल पटला नाही तर जजला बोला, पॅनलला बोला, नियम बनवणाऱ्याला बोला, पोरीला नाही. ह्यावर एक अख्खी संध्याकाळ गेली, २०१८ च्या प्योंगचांग ऑलिम्पिकची. झागितोवा आणि मेदवेदेवा, दोघी रशियाच्या. तेव्हा नियम असा होता की प्रोग्रॅमच्या दुसऱ्या अर्ध्यात मारलेल्या प्रत्येक उडीला दहा टक्के जास्त, तर झागितोवानं काय केलं, सगळ्याच्या सगळ्या उड्या दुसऱ्या अर्ध्यात नेऊन ठेवल्या. पहिला अर्धा नुसती हात हलवत फिरते (हे मी म्हटलं, दंड नाही बसला, पण एका बाईंनी माझ्याकडे असं पाहिलं की जसं मी कढीत साखर घातली). शेवटी फ्री स्केटमध्ये, म्हंजे मोठ्या प्रोग्रॅममध्ये, दोघींना बरोब्बर सारखे मार्क, १५६.६५, आणि आधीच्या छोट्या, म्हंजे शॉर्टमधल्या फरकानं झागितोवा जिंकली, २३९.५७ विरुद्ध २३८.२६. म्हणजे १.३१. आजपर्यंत लोकं त्या एक पॉइंट एकतीसवरून तिला चलाख, मशीन, काय काय म्हणतात. आमच्या गॅरेजमध्येही दोन पार्ट्या पडल्या. ताई म्हणाल्या, पंधरा वर्षांची मुलगी, पेपरात जे जास्त मार्काचं आहे ते तिनं सोडवलं, पेपर कुणी काढला? आणि खरंच पुढच्याच सीझनला नियम बदलला, आता शॉर्टमध्ये फक्त शेवटची उडी अन् फ्रीमध्ये शेवटच्या तीन. म्हंजे आयएसयूलाही कळलं चूक कुठे होती. प्रोग्रॅम एकांगी होता हे बोलायला मोकळीक, मी अजूनही बोलतो, बघायला मला मेदवेदेवाच आवडते. पण चलाख म्हटलं की वीस रुपये.

आपल्याला हे कळायला पाहिजे खरं तर. २०१५ मध्ये जामठ्याला साउथ आफ्रिकेची टेस्ट तीन दिवसांत आटोपली, आयसीसीनं पिचला खराब ठरवलं, तेव्हा अख्ख्या देशानं आमच्या पिचला शिव्या दिल्या, आम्हाला वाईट वाटलं ते वाटलं, पण कुण्या बॉलरच्या पोटाकडे बोट नाही दाखवलं ना. तसंच आहे हे.

२०१४ च्या सोचीवरून मात्र भांडण इतकं पेटलं की शटर पूर्ण वर करावं लागलं, हवा यायला. रशियाची सोत्निकोवा २२४.५९ आणि कोरियाची किम युना २१९.११. किम युनाची एक चाहती आहे आमच्यात, बँकेत नोकरी करते, एरवी इतकी मऊ बोलते की चहा मागितलेला ऐकू येत नाही, ती उभी राहून वीस मिनिटं बोलली. आणि कमाल म्हंजे पूर्ण वीस मिनिटांत सोत्निकोवाच्या विरोधात एक शब्द नाही, सगळं पॅनलवर, कोणत्या उडीला काय दिलं, उतरताना कुठे काय सुटलं, कागदावर लाल पेनानं गोल करून. तेव्हा जजचे मार्क निनावी छापायचे, कोणता आकडा कुणाचा ते कळायचं नाही, ती पद्धत २०१६ मध्ये बंद केली. म्हणे आता नाव छापून येतं तर बोला ना जजला, ती मोठी माणसं आहेत, परीक्षा देऊन खुर्चीवर बसलीत. त्याआधी २००२ चं सॉल्ट लेक सिटीचं पेअर्सचं प्रकरण होतंच, फ्रान्सच्या जजबाईंवर दबाव होता हे बाहेर आलं, कॅनडाच्या जोडीला दुसरं गोल्ड दिलं, सहा पैकी मार्क द्यायची जुनी पद्धतच दोन वर्षांत गेली. त्यात रशियाच्या जोडीचा काय दोष होता सांगा, त्यांनी तर फक्त स्केट केलं.

बाय द वे, जे लोकं आपल्या आवडत्या स्केटरसाठी दुसऱ्या सगळ्यांना चिखलात लोळवतात त्यांना ह्या दुनियेत उबर म्हणतात. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा मला वाटलं गाडी बोलावली कुणीतरी, बाहेर जाऊन गल्लीत पाहूनही आलो. अजून चिडवतात.

आता ते वय. ज्युनिअर ग्रां प्रीमध्ये तेरा वर्षांपासूनची पोरं असतात, आणि तिथे ताईंचा नियम अजून एक घर पुढचा आहे, की ज्युनिअरवर बोलायचं ते असं बोला की तिची आई शेजारच्या खुर्चीवर बसली आहे. आमच्याकडे तर खरोखरच आया बसलेल्या असतात, रोलरवाल्या पोरींच्या, त्यामुळे हा नियम आपोआप पाळला जातो. सीनिअरमध्येही सगळ्या मोठ्या असतात असं नाही, म्हंजे नव्हत्या. २०२२ ची चिठ्ठी निघाली ती संध्याकाळ मला आवडली नाही, पण लिहितो. रशियाची वालिएवा, बीजिंग ऑलिम्पिक, पंधरा वर्षांची. २५ डिसेंबर २०२१ चा तिचा नमुना, त्यात ट्रायमेटाझिडीन सापडलं, हृदयाचं औषध, रिपोर्ट आला तोवर टीम इव्हेंट होऊन गेलेली. शॉर्टमध्ये पहिली होती, फ्रीमध्ये पुन्हा पुन्हा पडली, चौथी आली, आणि बाहेर आली तर कोचनं जवळ घ्यायच्या ऐवजी जाब विचारला, सगळ्या जगानं टीव्हीवर पाहिलं. २०२४ च्या जानेवारीत क्रीडा लवादानं चार वर्षांची बंदी घातली, त्या डिसेंबरच्या तारखेपासून धरून. टीमचं गोल्ड अमेरिकेला गेलं, मेडल हातात पडली पॅरिसला, अडीच वर्षांनी.

तर चर्चा अशी झाली की चोर म्हणायचं का. एक जण म्हणाले निकाल लागला ना, मग म्हणायचंच, आणि ज्यांना अडीच वर्षं मेडलसाठी थांबावं लागलं त्यांचं काय, ती काय माणसं नाहीत? मला ते पटलं. आजही अर्धं पटतं. ताई म्हणाल्या बंदी योग्य का, बोला. निकाल उशिरा का लागला, बोला. त्या पोरीच्या भोवती कोच होते, डॉक्टर होते, फेडरेशन होती, सगळे चाळीस पन्नासचे, त्यांना बोला, मी दंड घेणार नाही, मीच पहिली बोलते. पण पंधरा वर्षांच्या मुलीला चोर माझ्या गॅरेजमध्ये नाही. कुणी काही बोललं नाही बराच वेळ. २०२२ च्याच जूनमध्ये आयएसयूनं सीनिअरचं किमान वय टप्प्याटप्प्यानं १५ वरून १७ करायचं ठरवलं, ते कुणीतरी सांगितलं अन् विषय तिकडे वळला.

माझा दंड. बारीकसारीक सोडून देतो, म्हंजे एकदा कुणाच्या ड्रेसला पडदा म्हटलं (ड्रेस बर्फावर होता असा मी वाद घातला, हरलो), एकदा कुणाच्या नवऱ्यावरून. पण एक दंड असा आहे की तो मला वीस रुपयांचा वाटत नाही. एक सीनिअर बाई होती, नाव नाही लिहीत, दोन प्रोग्रॅम पाठोपाठ लावले, दोन वेगळ्या वर्षांचे, आणि मी सवयीनं बोलून गेलो की मधल्या काळात बरीच सुटली आहे ही. असं आपल्याकडे बोलतातच हो, लग्नात, बारशात, तोंडावर बोलतात, त्यात काही मनात नसतं. ताईंनी गल्ला हलवला, मी हसत हसत नोट टाकली. माझ्या बाजूला पोरगी बसली होती, तिच्या प्लेटमध्ये दोन वड्या होत्या, एक खाल्ली होती. दुसरी तिनं खाल्ली नाही. मी म्हटलं काहून गं, संपव ना, तर म्हणाली पोट भरलं बाबा. सांबारवडी. ती पोरगी जी माझ्या ताटातली उचलते.

ताई मला काही बोलल्या नाहीत, त्या तशा बोलतच नाहीत कुणाला. त्यांनी चिठ्ठी न काढता पुढचा प्रोग्रॅम लावला, रशियाची लिप्नित्स्काया, २०१४, लाल ड्रेसवाली, पंधरा वर्षांची, टीम गोल्ड. तो स्पिन, पाय डोक्याच्या वर सरळ काटा, सगळ्या पोरी आ वासून बघत होत्या. संपल्यावर एका पोरीनं विचारलं ही आता कुठे असते, तर ताई चहाचे कप उचलता उचलता म्हणाल्या की २०१७ मध्ये सोडलं तिनं, एकोणीस वर्षांची होती, अ‍ॅनोरेक्सिया झाला होता, उपचार घेतले. अ‍ॅनोरेक्सिया म्हंजे काय असं माझ्याच पोरीनं विचारलं. ताई म्हणाल्या जेवण सोडून देण्याचा आजार. ती वडी मी घरी नेली, कागदात बांधून, रात्री अकरा वाजता तिनं खाल्ली, टीव्ही बघत. मी लक्ष नाही असं दाखवलं.

पासपोर्टचा नियम, म्हंजे कोण कुठल्या देशाची ते बर्फाबाहेरचं, मला आधी फालतू वाटायचा. झू यी म्हणून मुलगी होती बीजिंगला, लॉस एंजेलिसमध्ये जन्मलेली, अमेरिकेचं नागरिकत्व सोडून चीनकडून खेळली, टीम इव्हेंटमध्ये पडली, आणि चीनमध्ये तिच्यावर लोकांनी असा राग काढला की तिथल्या वेबोनं (त्यांचं ट्विटर) तो हॅशटॅगच काढून टाकला. तिचं चायनीज चांगलं नाही म्हणे, इथपर्यंत गेले लोकं. उडी चुकण्याचा अन् भाषेचा काय संबंध. हे ऐकून मी च् च् केलं आणि पंधरा दिवसांनी आपल्या तारा प्रसादचा प्रोग्रॅम लावला तेव्हा मीच म्हटलं की ही तर अमेरिकेत वाढलेली. ती भारताकडून खेळते, आपला झेंडा लावून, आणि माझ्या तोंडातून पहिलं काय निघालं तर हे. खुळखुळ. तसंच अलिसा लियूचं, सोळाव्या वर्षी २०२२ मध्ये सोडून गेली तेव्हा लोकं म्हणत होती की देवानं दिलं अन् कर्मानं नेलं, कदर नाही पोरीला. ती परत आली अन् २०२५ च्या मार्चमध्ये बोस्टनला वर्ल्ड चॅम्पियन झाली, अमेरिकेची बाई २००६ नंतर पहिल्यांदा. कुणी कधी थांबायचं, कधी परत यायचं, हे ताईंच्या हिशोबानं बर्फाबाहेरचं आहे. मला वाटतं परत आल्यावर कशी स्केट करते ते बर्फावरचं आहे, आणि ते बोलू देतात, तर ठीकच.

एक गोष्ट फळ्यावर लिहिलेली नाही पण सगळे पाळतात. इथे जे बोललं ते स्केटरच्या अकाउंटवर जाऊन टाकायचं नाही, टॅग करायचं नाही, कितीही बरोबर असलं तरी, क्यू अन् बाणासकट असलं तरी. ते फ्लट्झवालं पोट्टं एकदा शटर ओढायला मदत करत होतं तेव्हा सांगत होतं की बारावीत असताना त्यानं एका स्केटरच्या फोटोखाली लिहिलं होतं, पडल्याच्या दुसऱ्या दिवशी, काय लिहिलं ते नाही सांगितलं. आठवड्यात तिनं कमेंटा बंद केल्या. म्हणे माझ्या एकाच्या नसणार भाऊ, शेकड्यानं होत्या, पण माझी पण होती. मग म्हणाला ते जाऊ द्या, पुढच्या शनिवारी लवकर या, खुर्ची मिळत नाही.

आता तो कापलेला स्टार. एक म्हंजे वेळ. सात लिहिलंय, साडेसातच्या आधी सुरू होत नाही, प्रोजेक्टर गरम होतो, मग नेट, मग कढी. बाथरूम बंगल्याच्या मागे आहे आणि कडी लागत नाही, गाणं म्हणत बसावं लागतं. पण स्टार त्यासाठी नाही कापला. स्टार कापला हान्यूसाठी.

जपानचा युझुरू हान्यू. ताईंचा देव. दोन ऑलिम्पिक गोल्ड, सगळं मान्य, मलाही आवडतो, माणूस हवेत असताना असं वाटतं की खाली यायची त्याला घाई नाही. पण ज्या दिवशी हान्यूची चिठ्ठी निघते (आणि ती जरा जास्तच निघते, मी काही म्हणत नाही) त्या दिवशी न्यायालय बंद. २०२२ ला त्यानं क्वाड अ‍ॅक्सल मारला, साडेचार फेरे, तोवर स्पर्धेत कुणी नीट उतरवलेला नव्हता. फेरा अपुरा, उतरताना पडला, एकूण चौथा. हे सगळं बर्फावरचं आहे. कागदावर खूण आहे. मी नियमात राहून, क्लिपबोर्ड हातात धरून म्हटलं की ताई, फेरा कमी आहे हा, बाण आहे इथे. तर ताई उठून चहा टाकायला गेल्या. पंधरा मिनिटं आल्या नाहीत. मग मी म्हटलं की अमेरिकेच्या इलिया मालिनिननं त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये लेक प्लॅसिडला पूर्ण उतरवला, सतरा वर्षांचा असताना, तर आतून आवाज आला की त्याचे हात बघितले का कसे असतात, लाकडासारखे. हात बर्फावरचे की बर्फाबाहेरचे ह्यावर आमचं मतदान झालं, नऊ विरुद्ध सहा, बर्फावरचे. पण आवाज ज्या सुरात आला तो सूर बर्फाबाहेरचा होता असं त्या बँकवाल्या मुलीनं अतिशय हळू आवाजात म्हटलं, आणि ताईंनी येऊन वीस टाकले. तोंडातून शब्द नाही. त्या दिवशी चहात साखर कमी होती सगळ्यांच्या.

मला म्हणायचं काय की नियम ज्यानं केला त्यालाच तो जड जातो हे दिसलं, चांगलं वाटलं, पण हान्यूच्या दिवशी दीडशे रुपये घेऊन त्याच एका माणसाचे चार चार प्रोग्रॅम दाखवणं हे काही बरोबर नाही, रोलरवाल्या पोरींना मुलींच्या उड्या बघायच्या असतात. चिठ्ठ्यांचा डबा दुसऱ्या कुणाच्या हातात द्या. एवढं केलं तर पाचवा स्टार टाकून देतो.

गल्ला दिवाळीच्या आधी फोडला, त्यातून बेअरिंग आणि स्टॉपर आणले रोलरवाल्या पोट्ट्यांसाठी, माझे त्यात १८० होते, काकांचे माझ्यापेक्षा जास्त. नवा गल्ला आणलाय, जरा मोठा. मागच्या शनिवारी ज्युनिअरमधली एक चिमुरडी अ‍ॅक्सलला पडली, मी तोंड उघडायच्या आत माझी पोरगी म्हणाली, बाबा, फेरे पूर्ण होते, टेकऑफला खांदा आधीच वळला म्हणून गेली, आणि माझ्या प्लेटमधली वडी उचलली.

जायचं असेल तर पावणेसातला जा, रोख पैसे न्या, नेट सगळं प्रोजेक्टर खातो म्हणून पेमेंट अडकतं. गाडी गल्लीच्या तोंडाशी लावा. समोरच्या आजोबांच्या गेटसमोर लावली तर ते जे बोलतात त्याला दंड नाही, ते शटरच्या बाहेर येतं.